प्रश्न वाचकांचे : मानसशास्त्राच्या पहिल्या पायरीवर

मानसशास्त्र हा विषय नव्याने निवडलेल्या काही विद्यार्थ्यांची, एका पालकांची आणि एका शिक्षिकेची पत्रे या वेळी जवळजवळ एकत्रच हाती आली. प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच कुतूहल आहे, म्हणून या अंकातील सर्व जागा मी त्यांनाच देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतले आहे. हे कळल्यापासून जो तो विचारतो, "मग सांग बरं, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" मला काहीच सांगता येत नाही आणि मग आपण नेमके काय शिकत आहोत, याचीच शंका येऊ लागते. मानसशास्त्र कशाचा अभ्यास करते?

उत्तर : तुम्हाला सांगता येत नाही, यात तुमचे काहीही उणे नाही. चेहऱ्याकडे पाहून मनातले ओळखणे हे मानसशास्त्राचे काम नाही आणि ते कोणालाच फारसे साधत नाही. समोरचा माणूस खरे बोलतो आहे की खोटे, एवढेच केवळ पाहून आणि ऐकून ओळखायला सांगितले, तर लोकांचे उत्तर १०० पैकी सुमारे ५४ वेळा बरोबर येते, असे दोनशेहून अधिक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून २००६ साली पुढे आले. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी ५० वेळा बरोबर आले असते.

मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास, ही व्याख्या तुमच्या पुस्तकात असेलच. तिच्यातील प्रत्येक शब्दापाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. वर्तन म्हणजे जे बाहेरून दिसते आणि नोंदवता येते ते सगळे: बोलणे, चालणे, डोळ्यांची हालचाल, उत्तर द्यायला लागलेला वेळ, हृदयाचे वाढलेले ठोके. मानसिक प्रक्रिया म्हणजे अवधान, संवेदन, स्मरण, विचार, भावना, प्रेरणा यांसारख्या आत घडणाऱ्या गोष्टी, ज्या थेट दिसत नाहीत आणि ज्यांचा अंदाज वर्तनावरूनच बांधावा लागतो. तो अंदाज कसा बांधायचा आणि बांधलेला अंदाज चुकीचा तर नाही ना, हे कसे पडताळायचे, यात या विषयाचे शास्त्रपण आहे.

दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गात एक यादी सावकाश वाचते: अंथरूण, उशी, रात्र, थकवा, स्वप्न, जांभई, पांघरूण, डुलकी, घोरणे, पेंग, जाग, अंधार. मग दोन मिनिटे दुसरेच काहीतरी बोलते आणि आठवतील ते शब्द लिहायला सांगते. लिहून झाल्यावर 'झोप' हा शब्द किती जणांनी लिहिला, असे विचारले की बरेच हात वर होतात. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "मॅडम, तुम्ही 'उशी'च्या लगेच नंतर म्हणालात, मला तुमचा आवाजसुद्धा आठवतोय." मी यादीचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला, मग कागदाची मागची बाजूही पाहिली. 'झोप' हा शब्द यादीत नाही, नव्हताच. इतर सगळे शब्द त्याच्याभोवती फिरतात, म्हणून मन तो आपणहून भरून घेते, आणि भरून घेतलेला शब्द ऐकलेल्या शब्दाइतकाच खरा वाटतो. ही पद्धत मी शोधलेली नाही. रोडिगर आणि मॅकडरमॉट या संशोधकांनी १९९५ साली अशाच याद्या वापरून हा परिणाम सविस्तर तपासला आणि त्यानंतर तो अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसून आला आहे.

तुमच्या ओळखीच्यांना हीच यादी वाचून दाखवा. त्यांच्या मनातले तुम्हाला सांगता येणार नाही, पण मन कसे काम करते याची एक खूण त्यांच्याच कागदावर दाखवता येईल.

प्रश्न : विज्ञान शाखेतील माझे मित्र म्हणतात की मानसशास्त्र म्हणजे साध्या व्यवहारज्ञानाला दिलेली अवघड नावे. त्याला शास्त्र कशाच्या आधारावर म्हणायचे?

उत्तर : व्यवहारज्ञान मोलाचे असते, पण ते दोन्ही बाजूंनी बोलते. आपण 'घरोघरी मातीच्या चुली' असेही म्हणतो आणि 'व्यक्ती तितक्या प्रकृती' असेही म्हणतो. सहवासाने प्रेम वाढते हे आपल्याला पटते आणि अतिपरिचयाने अवज्ञा होते हेही पटते. गोष्ट घडून गेल्यावर यांपैकी जी म्हण जुळते ती आपल्याला आठवते आणि हे तर माहीतच होते, असे वाटते. कोणत्या परिस्थितीत कोणती म्हण खरी ठरेल, हे गोष्ट घडण्याआधी सांगायचे झाले, की व्यवहारज्ञान अडखळते. मानसशास्त्राचे काम तेथून सुरू होते. किंबहुना वरच्या पहिल्या दोन म्हणी या शास्त्राचे दोन भागच सांगतात: सर्व माणसांत समान काय असते आणि माणसामाणसांत फरक कोठे व का पडतो.

पण तुमच्या मित्रांचा खरा आक्षेप पद्धतीबद्दल आहे, म्हणून एक जुनी हकिकत सविस्तर सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक होते आणि त्यांनी त्याला वर्षानुवर्षे मोठ्या चिकाटीने शिकवले होते. बेरीज विचारली की हान्स खुराने तितके ठोके देई आणि बरोबर आकड्यावर थांबे. मालकांनी त्यासाठी कधी पैसे घेतले नाहीत, आणि ते समोर नसतानाही घोडा परक्या माणसांना बरोबर उत्तरे देई. १९०४ साली कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने जाणकारांच्या समितीने तपासणी केली, तेव्हा कोणतीही लबाडी आढळली नाही. व्यवहारज्ञान येथे थांबले असते, कारण लबाडी नसेल तर घोड्याला गणित येते, एवढाच निष्कर्ष उरतो.

श्टुम्फ यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट येथे थांबले नाहीत. त्यांनी दोन साध्या गोष्टी बदलून पाहिल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, असे काही प्रश्न ठेवले, आणि काही वेळा घोड्याला विचारणारा दिसणार नाही, अशी व्यवस्था केली. दोन्ही वेळा हान्सचे गणित कोलमडले. मग फुंग्स्ट यांनी घोड्याऐवजी माणसांकडे लक्ष वळवले. विचारणारा माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुकत असे, आणि अपेक्षित ठोका पडताच त्याचे डोके अगदी जरासे वर येत असे. तेवढ्या हालचालीवर हान्स थांबे. यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट: हे सारे स्वतः शोधून काढल्यावरही फुंग्स्ट यांना आपली ती नकळत होणारी हालचाल रोखणे अतिशय कठीण गेले.

येथे कोणीही खोटे बोलत नव्हते आणि तरीही सर्वांची समजूत चुकीची होती. निरीक्षकाची अपेक्षा निरीक्षणात मिसळते, हा धडा यातून मिळाला. औषधांच्या चाचण्यांत खरे औषध कोणाला आणि नुसती गोळी कोणाला दिली, हे रुग्णाप्रमाणेच डॉक्टरांपासूनही लपवून ठेवतात, त्यामागेही हीच काळजी असते. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, तुलनेसाठी दुसरा गट ठेवणे, आपल्या समजुतीला खोटे ठरण्याची पुरेपूर संधी देणे, हे ज्या अभ्यासात कसोशीने पाळले जाते, त्याला शास्त्र म्हणायला मला संकोच वाटत नाही. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे पहिली प्रयोगशाळा उभारल्यापासून या विषयाने बरीच वळणे घेतली. मनाचा उल्लेखच नको, फक्त वर्तन पाहा, असा आग्रह वॉटसन यांनी १९१३ साली धरला, आणि पुढे शतकाच्या मध्याला स्मृती, विचार यांचा अभ्यास पुन्हा जोमाने सुरू झाला. हा इतिहास तुम्ही वर्गात शिकालच. पद्धतीचा आग्रह मात्र या सर्व वळणांत टिकून राहिला.

प्रश्न : मी धडे पुन्हा पुन्हा वाचतो, महत्त्वाच्या ओळी रंगवतो, तरी परीक्षेत आठवत नाही. मानसशास्त्राचा मला माझ्या अभ्यासात काही उपयोग होईल का?

उत्तर : होईल, आणि लगेच होईल. हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थामुळे पाठांतर सोपे होऊ नये, म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरसमूह तयार केले, ते पाठ केले आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात, हे मोजले. तासाभराने वाचणारे श्रम निम्म्याहून कमी झाले होते, महिन्याने ते साधारण एक पंचमांश उरले. म्हणजे विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते आणि पुढे मंदावते. तेव्हा वाचल्यानंतर लगेच आठवते आहे, यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या रंगवलेल्या ओळींबद्दल. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र चित्र उलटले आणि वाचणाऱ्यांना ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख आपण ज्ञान समजून बसतो. त्याऐवजी एक भाग वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, राहिलेले पाहून घ्या आणि दोन दिवसांनी हेच पुन्हा करा. सुरुवातीला हे अवघड आणि थोडे निराश करणारे वाटेल, कारण काय येत नाही ते उघड दिसते. ते सोसून पुढे जा.

प्रश्न : माझ्या मुलीला मानसशास्त्रात पुढे शिकायचे आहे. आम्हाला वाटत होते की हा विषय मनोरुग्णांपुरता असतो. मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांत फरक काय? आणि या विषयाचा समाजाला काय उपयोग?

उत्तर : आधी फरक सांगते. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे देतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन चाचण्या आणि संवादावर आधारलेले उपचार करतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना औषधे देण्याचा अधिकार नसतो. दोघे अनेकदा एकाच रुग्णासाठी मिळून काम करतात. मनाच्या आजारांवरील काम हा या विषयाचा मोठा आणि आदराचा भाग आहे, परंतु बालविकास, शिक्षण, कामाची ठिकाणे, खेळ, न्यायव्यवस्था आणि यंत्रांची रचना येथेही मानसशास्त्रज्ञ काम करतात.

यंत्रांच्या रचनेचे उदाहरण मला विशेष प्रिय आहे. दुसऱ्या महायुद्धात काही लढाऊ विमानांचे अनुभवी वैमानिक विमान सुखरूप उतरवल्यानंतर पंखांवरील झडपांऐवजी चाके आत घेण्याचा खटका ओढत आणि विमान पोटावर बसे. वैमानिकाची चूक, अशी नोंद होई. अल्फॉन्स शपानिस या मानसशास्त्रज्ञांनी खटक्यांकडेच पाहिले. दोन्ही खटके सारख्या आकाराचे आणि शेजारीशेजारी होते. त्यांनी एका खटक्यावर लहानसे रबरी चाक बसवले, दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा. न पाहताही हाताला फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. 'नीट लक्ष द्या' असे हजारदा बजावून जे झाले नसते, ते दोन तुकड्यांनी झाले. आजही विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकाच्या आकाराची असते.

न्यायालयाचा विचार करा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. काहींना गाड्या 'धडकल्या' तेव्हाचा वेग विचारला, काहींना त्या आदळून 'चक्काचूर झाल्या' तेव्हाचा. क्रियापद बदलताच वेगाचा अंदाज वाढला. एवढेच नव्हे, तर आठवड्याने फुटलेली काच दिसली होती का, असे विचारल्यावर 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होकार दिला, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच कोठेच नव्हती. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, याला एखाद्याच्या आयुष्याइतके महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आणि कधी एकच रुग्ण साऱ्या विषयाला नवी दृष्टी देतो. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली तीव्र अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना घडलेली कोणतीही नवी गोष्ट लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. पहिल्या दिवशी रेघ सारखी बाहेर जात होती, तिसऱ्या दिवशी हात सफाईने फिरू लागला. मात्र प्रत्येक दिवशी ते सांगत की हे काम आपण पूर्वी कधी केलेले नाही. हाताला आठवत होते आणि त्यांना आठवत नव्हते. स्मृती एक नसून तिचे प्रकार आहेत आणि ते मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळले जातात, ही समज येथून पक्की झाली. २००८ साली त्यांचे निधन होईपर्यंत संशोधनात त्यांचा उल्लेख केवळ आद्याक्षरांनी होत असे.

तुमच्या मुलीने हा विषय निवडला, याचा मला मनापासून आनंद आहे. तिला संख्याशास्त्राची गोडी लागेल, एवढे मात्र आवर्जून पाहा, कारण अनेक विद्यार्थी तेथेच अडतात.

प्रश्न : मी मानसशास्त्र शिकवते. काही गाजलेले प्रयोग पुन्हा केल्यावर टिकले नाहीत, काही क्रूर होते, असे विद्यार्थी वाचून येतात आणि मग विषयावरचा त्यांचा विश्वास डळमळतो. त्यांना काय सांगावे?

उत्तर : जे घडले ते जसेच्या तसे सांगावे. २०१५ साली शेकडो संशोधकांनी एकत्र येऊन आधी प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी जवळजवळ सर्वांनी निकाल लक्षणीय असल्याचे सांगितले होते, पण पुन्हा केल्यावर सुमारे ३६ टक्क्यांतच तसा निकाल आला. नमुने लहान होते, निकाल हवा तसा आला तरच तो छापला जाई, आकडे हाताळण्याच्या वाटा मोकळ्या होत्या. आता अनेक संशोधक आपले गृहीतक आणि पद्धत आधीच जाहीर नोंदवून ठेवतात, माहिती सर्वांसाठी खुली करतात. हे दोष मानसशास्त्रज्ञांनी स्वतः शोधले आणि स्वतः जाहीर केले, हेही त्याच श्वासात सांगावे.

क्रौर्याबद्दलही तसेच. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून समोरच्याला विजेचा सर्वांत मोठा झटका दिला. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, आणि कित्येकांना घाम फुटला, हात थरथरले. त्यातून कळलेले मोलाचे आहे, परंतु आज तो प्रयोग त्याच रूपात करू दिला जाणार नाही आणि ते योग्यच आहे, असे माझे मत आहे. सहभागी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती, केव्हाही बाहेर पडण्याची मुभा आणि शेवटी सर्व खुलासा, हे नियम विद्यार्थ्यांना पहिल्याच प्रात्यक्षिकाला पाळायला लावा, मग ते प्रात्यक्षिक दहा शब्दांच्या यादीचे का असेना.

आणखी एक गोष्ट. या शास्त्रातील कितीतरी निष्कर्ष पाश्चात्त्य देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत आणि ते साऱ्या मानवजातीला लावता येतीलच असे नाही, याकडे हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली लक्ष वेधले. ज्यांची भाषा आणि वाढ वेगळी आहे, अशा विद्यार्थ्यांपुढे केवढे काम पडले आहे, हे त्यांना दाखवा. डळमळलेला विश्वास मला धोक्याचा वाटत नाही. त्या विद्यार्थ्यांना तुम्ही प्रयोगाची मूळ पद्धत वाचायला बसवले, नमुना किती होता, तुलना कोणाशी केली, हे विचारायला लावले, तर त्यांची शंका कामी येईल.

प्रश्न : अपसामान्य वर्तनाचे प्रकरण वाचायला घेतल्यापासून प्रत्येक विकाराची लक्षणे मला माझ्यातच दिसतात. मी खरोखर आजारी आहे का?

उत्तर : नव्याने शिकणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना हा अनुभव येतो, वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्येही तो परिचित आहे. त्याचे कारण असे की उदासी, भीती, दारे लावली की नाही ते पुन्हा पाहणे, हे सारे थोड्याफार प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला येते. निदानात लक्षणाचे नुसते असणे पुरत नाही. ते किती तीव्र आहे, किती काळ टिकले आहे, त्यामुळे झोप, अभ्यास, नातीगोती, रोजची कामे विसकटली आहेत का आणि स्वतःला किती त्रास होतो आहे, हे सारे प्रशिक्षित व्यक्ती समोर बसवून तपासते. पुस्तकातील यादीवर खुणा करून ते होत नाही, तेव्हा स्वतःचे निदान करू नका आणि मैत्रिणींचे तर मुळीच करू नका.

मात्र प्रकरण मिटल्यावरही तो त्रास उरत असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन कशातच लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर या सदरातील उत्तराची वाट न पाहता आजच घरातील एखाद्या विश्वासाच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन तज्ज्ञांकडे जा.